कोरी पट्टी

दसऱ्याच्या दिवशी काशीगावच्या मागच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत एकही यंत्र हाराशिवाय राहत नाही. स्टीलची भांडी चकचकीत करणाऱ्या मोटरांना हार, वजनकाट्याला हार, टेम्पोला हार, आणि जिच्यात वर्षभर माणसं अडकून पडतात त्या लिफ्टलाही हार. डॉक्टर क्षितिजाला यात हसण्यासारखं पुष्कळ सापडायचं. तशी तिला बहुतेक गोष्टींत हसण्यासारखं सापडायचं, फक्त ती हसायची मनातल्या मनात. तोंडावर हसलं की वाद होतो, आणि मूर्खांशी वाद घालणं म्हणजे त्यांना फुकटचा मान देणं, असं तिचं ठाम मत होतं.

ही क्षितिजा तापाची गोळी देणारी डॉक्टर नव्हे. तिने डॉक्टरेट केली ती चांदीवर. चांदीच्या पृष्ठभागावर एखादा सेंद्रिय रेणू येऊन बसला तर तो आडवा बसतो की उभा, कुठल्या टोकाने धातूला धरतो, किती घट्ट धरतो, हे त्याच्यावर लेझरचा प्रकाश टाकून बघायचं, हा तिचा विषय. सुटा रेणू इतका मंद प्रकाश परत पाठवतो की तो दिसतच नाही. पण खडबडीत चांदीवर बसला की तोच प्रकाश लाखो पटींनी वाढतो आणि संगणकाच्या पडद्यावर उंच-ठेंगण्या शिखरांची एक ओळ उमटते. ती ओळ म्हणजे त्या रेणूच्या दारावरची पाटी, आणि दोघांची पाटी कधी सारखी नसते. तिची आई हंसाबाई गिरगाव सोडून मीरा रोडला आल्यापासून शेजारणींना सांगायची, "आमची क्षितिजा चांदीच्या लाइनमध्ये आहे." समोरच्या गुजराती काकी एकदा पैंजणांचा भाव विचारायला आल्या, तेव्हापासून क्षितिजाने आपल्या कामाविषयी घरात बोलणं बंद केलं.

विद्यापीठातली हंगामी नोकरी संपली तेव्हा तिला अल्पेशभाईंनी उचललं. अल्पेशभाईंनी आधी लोकांना पाण्याची भीती घालून फिल्टर विकले, मग हवेची भीती घालून दुसरे फिल्टर विकले, आणि आता त्यांना माशांची भीती सापडली होती. मासळी ताजी दिसावी म्हणून कुणीतरी तिला प्रेतं टिकवायचं फॉर्मलिन मारतं, अशी ओरड अधूनमधून उठतेच. अल्पेशभाईंनी त्या भीतीवर यंत्र काढलं आणि त्याचं नाव ठेवलं मत्स्यमित्र. ते स्वतः कांदासुद्धा खात नाहीत.

यंत्राचा जीव होता पट्टीत, आणि पट्टी क्षितिजाची होती. कागदावर चांदीचे अतिसूक्ष्म कण, आणि त्या कणांना एका टोकाने धरून बसलेला एक रेणू. त्याचं दुसरं टोक मोकळं. माशाच्या पाण्याचा थेंब टाकला आणि त्यात फॉर्मलिन असलं की ते मोकळं टोक त्याला पकडतं, पडद्यावर एक नवं शिखर उभं राहतं आणि दिवा लाल होतो. नसलं तर हिरवा. पट्टी फार चांगली होती. क्षितिजा जगातल्या ज्या थोड्या गोष्टींना हसत नसे, त्यांत ही पट्टी पहिली.

पूजेच्या दिवशी अल्पेशभाई रेशमी कुर्ता घालून इस्टेटीतल्या आपल्या गाळ्यात आले. चौरंगावर मत्स्यमित्र ठेवला, त्याला झेंडूचा हार घातला, आणि समोर येत्या रविवारच्या प्रात्यक्षिकासाठी तयार ठेवलेले पट्ट्यांचे डबे मांडले. जाहिरातीचं बघणारी रीमा मोबाइल घेऊन व्हिडिओ काढत होती.

"मॅडम, डब्बे खोलो ना," ती म्हणाली. "सिल्वर चमकना चाहिए फ्रेम में."

"ते उघडायचे नसतात," क्षितिजा म्हणाली.

"अरे मॅडम," अल्पेशभाई हसले, "भगवान के सामने काय बंद ठेवायचं? चांदी आहे, लक्ष्मी आहे. झाकून ठेवली तर येणार कशी?"

चांदी हवेतलं मिळेल ते धरून बसते, म्हणून डबे बंद ठेवायचे. एवढं एकच वाक्य सांगायचं होतं. पण या माणसाला ते कळायला सहावीच्या पुस्तकापासून सुरुवात करावी लागेल, आणि ती करायचा आपल्याला पगार मिळत नाही, असं तिच्या मनात आलं. रविवारचं प्रात्यक्षिक तरी काय, तमाशाच. धुराची पुटं बसली तर शिखरं झाकली जातील, फॉर्मलिन घालून दाखवलं तरी दिवा हिरवाच राहील आणि अल्पेशभाईंची चारचौघांत फजिती होईल. होऊ दे! लक्ष्मी हवी ना, घ्या लक्ष्मी. तिने आपल्या हातांनी एकेक डबा उघडला, झाकणं नीट रचून ठेवली आणि रीमाच्या व्हिडिओत थोडी हसलीसुद्धा.

मग कापूर पेटला, धूप पेटला, केळ्यात खोचलेला उदबत्त्यांचा अख्खा जुडगा पेटला. एसी चालू, खिडक्या बंद. धूर डब्यांवर निवांत बसून राहिला. क्षितिजाने फाफडा-जिलबीची डिश उचलली आणि बाहेर जिन्यात जाऊन खाल्ली, कारण आत डोळे झोंबत होते.

*

नवरात्रात नऊ दिवस कोंडून ठेवलेली जीभ दसऱ्यानंतरच्या रविवारी सुटते. मीरा रोडच्या त्या मासळी बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. दारात मांडव, मांडवावर महिपतरावांचा हात जोडलेला फोटो, आणि फोटोखाली 'भावी नगरसेवक'. महिपतराव बरीच वर्षं भावीच होते. त्यांच्या हातात माइक होता आणि तो काढून घेणारं कुणी नव्हतं.

दारालगतच्या पहिल्या ओट्यावर सत्यवती बसायची. तारोडी गावची कोळीण, कपाळावर मोठं कुंकू, आवाज रेल्वेच्या भोंग्यासारखा. हंसाबाई मीरा रोडला आल्यापासून तिच्याचकडून मासळी घेत. घासाघीस करताना दोघी एकमेकींच्या सात पिढ्यांचा उद्धार करत आणि शेवटी सत्यवती मूठभर कोळंबी वर टाकी.

"कुणाची मासळी आधी तपासायची?" महिपतरावांनी माइकवर विचारलं.

बाकीच्या कोळणींनी टोपल्यांवर फडकी ओढली. सत्यवतीने हात वर केला. "पयली माजी बगा. माज्या मावऱ्यात काय न्हाय. पहाटं होडीतून उतरलंय."

क्षितिजाने लॅपटॉप उघडला. "अल्पेशभाई, आधी एक कोरी पट्टी लावून दाखवते. मासा न लावता. म्हणजे तुलना—"

"मॅडम, पब्लिक बोअर होते. सीधा मछली." अल्पेशभाई चेहऱ्यावरचं हसू न मोडता म्हणाले, कारण रीमाचा कॅमेरा त्यांच्याकडे होता.

तिने खांदे उडवले. पापलेटच्या पाण्याचा थेंब पट्टीवर टाकला. दिवा लाल झाला.

मग कोळंबी लावली. लाल. सुरमई लावली. लाल. आणि बाजार फुटला. "बाप रे, जहर खिला रही थी!" कुणी मोबाइल वर धरला, कुणी मघाशी घेतलेली पिशवी परत आणून ओट्यावर आपटली. महिपतराव माइकवर जनतेच्या आरोग्याविषयी इतके कळवळून बोलू लागले की त्यांना स्वतःलाच भरून आलं. दुसऱ्या कुणाची मासळी तपासायची आठवण कुणालाच राहिली नाही. हवा होता तो व्हिडिओ मिळाला होता.

क्षितिजा पडद्याकडे बघत होती. तिन्ही वेळा ते नवं शिखर उभं राहिलं होतं, आणि तिन्ही वेळा त्याची उंची तंतोतंत एक होती. पापलेट वेगळं, कोळंबी वेगळी, सुरमई वेगळी, आणि उंची एक! पंगतीत पाट मोजकेच असतात. सगळे पाट भरले की नंतर कितीही पाहुणे येवोत, पंगत तेवढीच दिसते. पट्टीवरच्या जागाही मोजक्याच. तिन्ही पट्ट्या काठोकाठ भरल्या होत्या. मग एक तर या बाईने मासळी फॉर्मलिनच्या पिंपात बुडवून आणली असली पाहिजे, आणि तसं असतं तर वासानेच माणसं दारातून परत गेली असती. नाहीतर पट्ट्या इथे येण्याआधीच भरलेल्या होत्या.

हे सगळं तिला तिथे, त्या घटकेला कळलं. पुरतं नाही, पण पुरेसं कळलं. तिने मान वर करून समोरच्या गर्दीकडे पाहिलं. ओरडणारी तोंडं, वर धरलेले मोबाइल, माइक चावणारे महिपतराव. असल्यांना काय सांगायचं? रेणू, पृष्ठभाग, भरलेल्या जागा? गाढवापुढे वाचली गीता. तिने लॅपटॉप मिटला.

मागे कुणीतरी सत्यवतीची टोपली उलटी केली. बर्फ आणि कोळंबी गटारापर्यंत घसरत गेली. सत्यवती ती गोळा करायला वाकली नाही. ती क्षितिजाकडे बघत होती.

"बाय, तू हंसाबायची ना? शिकलेली हाय ना तू? परत बग ना एकदा."

"ऑफिसमध्ये जाऊन बघते, मावशी," क्षितिजा म्हणाली आणि अल्पेशभाईंच्या गाडीत बसली.

घरी हंसाबाईंनी तोवर तो व्हिडिओ पाहिला होता. शेजारणींनीही पाहिला होता. "इतकी वर्षं विष खाल्लं म्हणायचं आपण," त्या म्हणाल्या. "आणि ती बाई मला बहीण म्हणायची!"

"आई, अजून नक्की काही नाही."

"नक्की कसं नाही? यंत्र खोटं बोलेल का? तूच केलंयस ना ते?" हंसाबाईंच्या आवाजात राग कमी आणि अभिमान जास्त होता. लेकीला काय करता येतं हे त्यांना आज पहिल्यांदा कळलं होतं.

*

दुसऱ्या दिवशी गाळ्यात कुणी यायच्या आत क्षितिजाने उरलेल्या पट्ट्यांतली एक उचलली आणि काही न लावता, कोरडी, कोरी यंत्रात सारली. दिवा लाल. दुसरी सारली. लाल. डबा नाकाशी धरला तर देवघराचा वास आला.

कपाटात जुन्या खेपेचं एक सीलबंद पाकीट होतं, ते पूजेला बसलं नव्हतं. त्यातली पट्टी लावली. हिरवा. मग चौरंगाखाली पडलेली अर्धी उदबत्ती तिने पेटवली, त्याच पाकिटातली दुसरी पट्टी धुरावर धरली आणि यंत्रात सारली. दिवा लाल झाला आणि शिखर उभं राहिलं, उंची तीच. उदबत्तीच्या धुरात फॉर्माल्डिहाइड असतं. पाण्यात विरघळवलं की त्यालाच फॉर्मलिन म्हणतात. हे तिने पुस्तकात वाचलं होतं आणि परीक्षेत लिहिलंही होतं. फक्त फाफडा खाताना आठवलं नव्हतं.

तिला आधी हसू आलं. देवाला दाखवलेली उदबत्ती मासळीत सापडली! करायला गेलो गणपती, झाला मारुती. मग गटाराकडे घसरणारी कोळंबी आठवली आणि हसू जिथल्या तिथे राहिलं. अल्पेशभाईंची फजिती व्हावी म्हणून उघडलेले डबे एका कोळणीच्या पोटावर उठले होते, आणि अल्पेशभाई मात्र मजेत होते.

ते आले तेव्हा तिने त्यांना सगळं दाखवलं. या वेळी खरंच सहावीच्या पुस्तकापासून सुरुवात केली. अल्पेशभाईंना पाच मिनिटांत कळलं. हा तिला बसलेला पहिला धक्का.

"समजला," ते म्हणाले. "धूर लागला, पट्टी खराब. सिंपल आहे. नवीन बॅच बनवा, जुनी फेकून द्या."

"आणि सत्यवती?"

"कोण सत्यवती?"

"जिची मासळी फेकली ती."

"मॅडम, व्हिडिओ किती लोकांनी बघितला माहीत आहे? घरपोच मासळीवाली एक कंपनी मागे लागलीय आपल्या. पुढच्या संडेला महिपतराव बाजारात 'फॉर्मलिनमुक्त'चा बोर्ड लावणार, आणि तो दाराजवळचा पहिला ओटा आहे ना, तिथे त्या कंपनीचं काउंटर. तुम्ही मशीन चालवायचं. नवीन पट्टी, हिरवा दिवा, खतम."

"तिचा ओटा?"

"आता तिच्याकडून घेतं कोण?"

"मी खरं सांगेन लोकांना."

"सांगा ना." अल्पेशभाईंनी मोबाइल काढून टेबलावर ठेवला. पूजेचा व्हिडिओ. झेंडू, कापूर, आणि एकेक डबा उघडून झाकणं नीट रचणारे दोन हात. मग त्या हातांची मालकीण कॅमेऱ्याकडे बघून हसते. "डब्बे कोणी उघडले? मी तर कॉमर्सवाला माणूस. साइंटिस्ट तुम्ही आहे."

क्षितिजाला या माणसाची अक्कल फिल्टरपुरतीच आहे असं वाटत आलं होतं. आता तो तिच्या समोर बसून दात कोरत होता.

तो आठवडा वाईट गेला. गाळ्यावरून येताना रिक्षा बाजारावरून जाई. सत्यवती ओट्यावर नव्हती. बाजार समितीने तिला निकाल लागेपर्यंत बाहेर बसायला सांगितलं होतं. निकाल कोण लावणार होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ती फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला टोपली घेऊन बसे. आवाज देत नसे. येणारे-जाणारे तिला वळसा घालून जात, आणि एकजण थांबला तो फोटो काढायला. क्षितिजाने रिक्षात मान खाली घातली आणि उगाच मोबाइल चाळत राहिली. घरी हंसाबाईंनी त्या घरपोच कंपनीचं पापलेट मागवलं होतं. ते दगडासारखं गोठलेलं होतं, आणि त्याला चव नव्हती, पण "निदान विषारी तरी नाही," असं म्हणत त्यांनी ते खाल्लं.

तिने नव्या पट्ट्या केल्या. जुने, धूर खाल्लेले डबे मात्र फेकले नाहीत.

*

पुढच्या रविवारी मांडव आणखी मोठा होता. पहिल्या ओट्यावर निळा-पांढरा काउंटर उभा होता आणि त्यात काचेमागे बर्फावर पापलेटं ओळीने झोपली होती. टेबलावर महिपतरावांसाठी पाण्याची बाटली, आणि फोडायला नारळ. फाटकाबाहेर सत्यवती बसली होती. आज तिच्याभोवती तारोडीच्या दोन-चार बायका उभ्या होत्या, भांडायला आल्यासारख्या.

"मॅडम, सुरू करा," अल्पेशभाई म्हणाले.

क्षितिजाने काउंटरवरच्या पापलेटच्या पाण्याचा थेंब घेतला आणि जुन्या डब्यातल्या पट्टीवर टाकला. दिवा लाल झाला.

काउंटरमागचा टायवाला माणूस पांढरा पडला. महिपतरावांचा माइक तोंडाजवळ जाता जाता थांबला.

"मशीन गरम झालंय," अल्पेशभाई घाईने म्हणाले. "परत करा, परत."

तिने परत केलं. महिपतरावांच्या पुढची पाण्याची बाटली उघडून त्यातला थेंब टाकला. लाल. नारळ फोडायला घेतलेल्या माणसाच्या हातून नारळ घेतला, दगडावर आपटला, त्यातलं पाणी टाकलं. लाल.

"नारियल में भी फॉर्मलिन?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं, आणि पहिल्यांदा हशा पिकला.

शेवटी तिने एक पट्टी उंच धरून सगळ्यांना दाखवली, तिच्यावर काही म्हणता काही न टाकता ती यंत्रात सारली. लाल. हसणं थांबलं. मागच्या रविवारी जे मोबाइल वर गेले होते ते पुन्हा वर गेले.

"ही त्याच डब्यातली पट्टी," ती म्हणाली. तिचा आवाज मांडवाच्या खांबापर्यंतसुद्धा गेला नसेल. "मागच्या वेळी हीच वापरली होती. हिला आधीच धूर लागला होता. आता चांगली पट्टी लावते." तिने नवी पट्टी घेतली. पाणी, हिरवा. काउंटरवरचं पापलेट, हिरवा. मग ती टेबल सोडून फाटकापर्यंत चालत गेली, सत्यवतीच्या टोपलीतली सुरमई उचलून आणली, सगळ्यांसमोर तिचं पाणी लावलं. हिरवा.

महिपतराव तीस वर्षं राजकारणात उगीच नव्हते. "मित्रहो, मी पहिल्या दिवसापासून हेच सांगत होतो," ते माइकवर म्हणाले. "आपल्या भूमिपुत्र कोळी भगिनीवर अन्याय झाला, तो मी सहन करणार नाही!" टाळ्यासुद्धा पडल्या. मागच्या रविवारी मोबाइल वर धरणारेच हात होते ते. टायवाला माणूस काउंटरचं निळं कापड गुंडाळू लागला. अल्पेशभाई क्षितिजाच्या कानाशी आले. "व्हिडिओ टाकू का मी? तुमचा?"

त्याला उत्तर द्यायची वेळ आलीच नाही. सत्यवती गर्दीतून वाट काढत टेबलापाशी येऊन उभी राहिली होती. क्षितिजाला वाटलं, आता ही हात धरेल, रडेल, 'बाय, लय उपकार झाले' म्हणेल. त्यावर काय म्हणायचं तेही तिने मनात ठरवलं होतं. 'उपकार कसले, मावशी, माझं कामच ते.'

"ह्या पट्ट्या बिगडवल्या कोनी?" सत्यवतीने विचारलं.

अल्पेशभाईंनी क्षितिजाकडे पाहिलं. रीमाने मोबाइल खाली केला.

"मी," क्षितिजा म्हणाली. "डबे उघडायचे नव्हते. मी उघडले."

"ठावं व्हतं तुला? उगडायचे न्हाय ते?"

"हो."

"आन त्या दिसाला? लाल दिवा लागला तवा? तवा कललं तुला, कायतरी चुकतंय?"

इथे थोडं खोटं बोलता आलं असतं. 'नंतर तपासल्यावर कळलं' एवढंच म्हणायचं होतं. पण सत्यवती अशा नजरेने बघत होती की जणू माशाचा कल्ला वर करून आत लाली आहे का ते पाहतेय.

"शंका आली होती," क्षितिजा म्हणाली.

"मंग बोलली का न्हाय?"

भाव विचारणाऱ्या बायकासुद्धा थांबल्या होत्या. क्षितिजाने इकडेतिकडे पाहिलं. याच तोंडांना बघून तिने त्या दिवशी लॅपटॉप मिटला होता. मुलं कडेवर घेतलेल्या बाया, पिशव्या धरलेले बाप्ये. सगळे ऐकत होते आणि सगळ्यांना कळत होतं.

"वाटलं," ती म्हणाली. "वाटलं, तुम्हाला कळणार नाही."

सत्यवतीने तिच्या हातातून जुनी पट्टी घेतली, उलटी-सुलटी करून पाहिली आणि परत टेबलावर टाकली.

"पट्टीला आदीच धूर लागला व्हता," ती म्हणाली. "एवडंच ना? काय कठीन व्हतं त्यात?"

तारोडीच्या बायकांतली एक फिस्सकन हसली. क्षितिजाचा चेहरा तापला. आयुष्यभर ती दुसऱ्यांना जसं हसत आली होती, तसंच होतं ते हसणं. फक्त आवाज करून.

"चार दीस मावरं गटारात टाकलं मी," सत्यवती म्हणाली. "पोरगा बोलला, आये, खरंच मारतेस काय गं औषद? माज्या पोरानं इचारलं मला." तिचा आवाज फाटला, पण तिने तो लगेच सावरला आणि पहिल्या ओट्याकडे बोट केलं. निळं कापड आणि त्याखालचा काउंटर निघून गेला होता. दगड ओला होता. "चढ वर."

"मावशी—"

"चढ. आन सांग समद्यांना. हितं पुडं हायत त्यांनी आयकलं, मागच्यांनी न्हाय. हिंदीत सांग, माजी गिऱ्हाईकं हिंदीवाली हायत. मराठीत सांगून तुजी आई येल फक्त."

क्षितिजा चपला काढून ओट्यावर चढली. पायाखाली खवले होते. वरून सगळा बाजार दिसत होता, मागच्या दारापर्यंत, आणि मागच्या दाराशी पिशवी घेऊन हंसाबाई उभ्या होत्या. त्या केव्हा आल्या होत्या कुणास ठाऊक. त्यांनी लेकीला बघून हात हलवला. यंत्राचा कार्यक्रम आहे म्हणून मुद्दाम आल्या असाव्यात.

"मछली में कुछ नहीं था," क्षितिजा म्हणाली. "पट्टी खराब थी।"

"कोनी केली ते?" खालून सत्यवती म्हणाली.

"पट्टी मैंने खराब की थी। मुझे पता था, फिर भी मैं चुप रही।"

मागच्या दाराशी हंसाबाईंचा हात हळूहळू खाली आला. सत्यवतीने सुरमई फळीवर घेतली, कोयता उचलला आणि पहिला तुकडा पाडला.

"मागं न्हाय गेलं," ती वर न बघता म्हणाली. "अजून मोट्यानं."